कारकुनाचा रकाना

वंशावळ लिहिण्याची हौस माणसाला साधारणपणे पेन्शन सुरू झाल्यावर लागते. पूर्वी तिला भांडवल फार लागत नसे. लाल बासनात बांधलेली एक वही, आणि लग्नाच्या पंगतीत सापडेल त्याला गाठून ‘तू कुणाचा रे?’ असं विचारणारे एक दूरचे काका, एवढ्यावर भागत असे. आता काकांच्या जागी सॉफ्टवेअर आलं आहे. नाव, जन्म, लग्न, मृत्यू इथपर्यंत ते गोड बोलतं. मग हळूच दोन रकाने पुढे सरकवतं: एक ‘जनगणना’, दुसरा ‘निवास’. आपला माणूस क्षणभर थबकतो आणि दोन्हीकडे एकच मजकूर भरून मोकळा होतो: ‘तंजावूर, तामिळनाडू, भारत’. एकदा चिकटवला, दुसऱ्यांदा चिकटवला, पूर्वज जागेवर बसले. पण हे दोन रकाने जुळे भाऊ तर नाहीतच, त्यांचं साधं नातंही नाही. जनगणना म्हणजे एका ठरावीक दिवशी एका सरकारी माणसाने दारात उभं राहून घेतलेली जबानी. निवास म्हणजे अशा पाच-पंचवीस जबान्या वाचून आपण काढलेला निष्कर्ष. साक्ष आणि निकाल एकाच रकान्यात कोंबले की जे होतं तेच इथे होतं. आणि ज्याच्यावाचून या दोघांचा अर्थ लागत नाही तो तिसरा रकाना सॉफ्टवेअरने दर्शनी भागात ठेवलेलाच नाही. तो म्हणजे कारकुनाचा: हे लिहिलं कुणी, कुणाच्या हुकमाने आणि कशासाठी? माणूस कुठे राहत होता हे कागद सांगत नाही. तो तिथे राहतो असं लिहिण्याची गरज कुणाला पडली होती, एवढंच कागद सांगतो.

हे पटवायला तंजावूरच्या राजवाड्याइतका सोयीचा परिसर शोधून सापडणार नाही, कारण तिथे लोकांचे पत्ते लिहून ठेवण्याचा उद्योग हजार वर्षं चालू आहे. राजवाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर बृहदीश्वराचं देऊळ. त्याच्या प्राकाराच्या भिंतीवर राजराज चोळाने इसवी सन १०१४च्या सुमारास एक यादी कोरून घेतली. देवळाच्या सेवेसाठी ठिकठिकाणच्या देवळांतून आणलेल्या सुमारे ४०० स्त्रिया तीत आहेत. रस्ता कुठला, रस्त्याची कुठली बाजू, त्या बाजूचं कितवं घर, बाईचं नाव, ती आधी कुठल्या गावच्या कुठल्या देवळात होती, आणि तिचा वाटा किती, असं सगळं ओळीने दिलेलं आहे. एक वाटा म्हणजे वर्षाला ‘कलम’ नावाच्या मापाने १०० मापं भात. पुढे नृत्यगुरू, वादक, दिवे लावणारे, शिंपी, न्हावी आणि हिशेबनीसही आहेत. हिशेबनीस आपलं नाव विसरत नाही, ही परंपरा किती जुनी आहे ते यावरून कळावं. भारताच्या जनगणनेला ‘याआधीचं राहण्याचं ठिकाण’ हा प्रश्न १९७१ साली सुचला. राजराजाच्या कारकुनाला तो साडेनऊशे वर्षं आधी सुचला होता, आणि त्याने उत्तरं दगडावर घेतल्यामुळे ती हरवलीही नाहीत. पण त्याला या स्त्रियांच्या चरित्रात रस होता असं समजू नये. भाताची मापं चुकीच्या दारात जाऊ नयेत, एवढीच त्याची काळजी. बाईची आई कोण, भाऊ किती, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं, म्हणून त्या ४०० जणींची पक्की घरं आपल्याला माहीत आहेत आणि वंशवृक्ष एकीचाही काढता येत नाही.

त्याच प्राकारात दुसऱ्या बाजूला, जवळजवळ ८०० वर्षांनी, एका मराठी राजाने उलटा प्रकार केला. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली भोसल्यांचं वंशचरित्र मराठीत कोरून घेतलं. इतका लांबलचक शिलालेख क्वचितच कुठे सापडेल. त्यात पिढ्यांमागून पिढ्या येतात, पराक्रम येतात, कोण कुणाचा पुत्र ते येतं. वंश भरपूर, पण अमुक राजाचा धाकटा भाऊ राजवाड्याच्या कुठल्या चौकात राहत होता हे विचाराल तर भिंत गप्प बसते. बसणारच, कारण इथला कारकून भात वाटायला बसलेला नव्हता. राज्यकारभार चार वर्षांपूर्वी, १७९९च्या तहाने, ईस्ट इंडिया कंपनीकडे गेलेला. राजाकडे किल्ला, लगतचा थोडा भाग आणि ठरलेली नेमणूक उरलेली. अशा वेळी ‘आम्ही कोण’ हे दगडावर लिहून ठेवावंसं वाटणं अगदी समजण्यासारखं आहे; ज्याचं राज्य चालू असतं त्याला तेवढी सवड मिळत नाही. तर एका भिंतीवर पत्ते आहेत आणि वंश नाही, दुसऱ्या भिंतीवर वंश आहे आणि पत्ते नाहीत. वंशावळीचं सॉफ्टवेअर या दोन भिंतींचं लग्न लावू पाहतं, तेही दोन्हीकडच्या कारकुनांना न विचारता.

यावर पहिला आक्षेप व्यवहारी माणसाचा: ‘भारतात जनगणनेचे कागद पाहायलाच मिळत नाहीत, मग त्या रकान्यावरून वाद कशाला?’ वस्तुस्थिती त्याच्या बाजूची आहे. मद्रास इलाख्यात १८७१ची खानेसुमारी झाली, सबंध देशाची एकाच वेळची पहिली मोजणी १७ फेब्रुवारी १८८१ला झाली, पण त्यांतून आपल्या हाती आली ती आकड्यांची जाडजूड पुस्तकं. कुठल्या जिल्ह्यात किती घरं, किती माणसं, किती मराठी बोलणारे हे कळतं. त्या किती जणांत आपले खापरपणजोबा होते का, हे कळत नाही. स्वातंत्र्यानंतर १९४८चा जनगणना कायदा आला. त्याच्या १५व्या कलमाने मोजणीचे कागद पाहण्याचा हक्क कुणालाही ठेवला नाही आणि ते न्यायालयात पुरावा म्हणून चालणार नाहीत असंही सांगून टाकलं. मुदतीचा उल्लेख नाही. अमेरिकेत ७२ वर्षांनी कागद उघडतात, म्हणून १९५०ची पानं एप्रिल २०२२मध्ये लोकांना वाचायला मिळाली. इंग्लंड-वेल्सची १९२१ची पानं शंभर वर्षं भरल्यावर त्याच वर्षी जानेवारीत खुली झाली. आपल्याकडे शंभर काय, हजार वर्षं थांबलात तरी राजराजाचीच यादी वाचावी लागेल. पण नेमका म्हणूनच रकान्याचा वाद महत्त्वाचा ठरतो. कागदच नसताना रकाना समोर दिसतो, आणि रिकामा रकाना पाहून अस्वस्थ न होणारा मराठी माणूस अजून जन्मायचा आहे. तो लिहितो: ‘जनगणना, १८८१, तंजावूर’. पुराव्याच्या जागी अंदाज बसतो, आणि अंदाजाने पुराव्याचे कपडे घातले की दोन पिढ्यांनी त्याला कुणी ओळखत नाही.

शिवाय हे सॉफ्टवेअर बनलं त्या देशांत, जिथे असे कागद उघडे असतात. एका सॉफ्टवेअरमधली वंशावळ दुसऱ्यात नेण्यासाठी जी ‘गेडकॉम’ नावाची पद्धत जगभर चालते, ती अमेरिकेतल्या मॉर्मन चर्चच्या वंशशास्त्र विभागाने घडवली. तिच्यात जनगणना ही घटना आहे आणि निवास हा गुणधर्म. म्हणजे भेद त्यांनाही माहीत आहे, फक्त पडद्यावर तो दिसत नाही. जातीसाठी तिच्यात खास खूण आहे, कुलदैवतासाठी नाही. यावर कुणी रागवायचं ते ज्याने त्याने ठरवावं. तिकडे कागद उघडे असण्याचा परिणाम मात्र मजेदार होतो. तंजावूरचं एखादं मराठी कुटुंब चेन्नई, बंगळूर करत न्यू जर्सीला पोचलं, की झाडाची परदेशातली फांदी नोंदींनी डवरून जाते, आणि तंजावूरकडचं मूळ हवेत लोंबकळत राहतं. परक्या कुणी हे झाड पाहिलं तर हे घराणं अमेरिकेतच उगवलं आणि पूर्वजांना मागून दक्षिण भारतात पाठवलं गेलं, असाच त्याचा समज व्हावा. ज्याचे कागद जास्त तो जास्त खरा, असा पक्षपात इथे कुणी हेतूने करत नाही, आपोआप होतो. आणि कागदांचा देश म्हटला तरी तिथेही भोकं आहेत. इंग्लंडची १९३१ची पानं १९४२ साली आगीत गेली, १९४१ला महायुद्धामुळे मोजणीच झाली नाही.

आता निवासाकडे वळू. तो भरायला सोपा वाटतो, कारण तंजावूरचे मराठे तीनशे-साडेतीनशे वर्षं तंजावुरातच आहेत. पण सॉफ्टवेअरला ठिकाण एका सलग ओळीत हवं असतं: गल्ली, गाव, जिल्हा, राज्य, देश. राजवाड्यासमोरच्या रस्त्यावर जन्मून तिथेच गेलेल्या माणसांच्या चार पिढ्या घ्या. पहिल्याचं गाव सरफोजीराजांच्या ताब्यातला किल्ला. किल्ल्याच्या दरवाजाबाहेर भाजी आणायला गेला की तो कंपनीच्या मुलखात, परत आला की स्वदेशी. १८५५ साली दुसरे शिवाजीराजे पुत्राविना वारले, कंपनीने राज्य खालसा केलं, आणि त्या पहिल्याचा मुलगा एक पाऊलही न उचलता मद्रास इलाख्यातल्या तंजोर जिल्ह्यात गेला. नातू मद्रास राज्यात. पणतू १४ जानेवारी १९६९ला तामिळनाडूत. आसपासच्या गावांचे हाल तर याहून. १९९१ला तंजावूर जिल्ह्यातून नागपट्टिणम निघाला, मग तिरुवारूर, आणि २०२०मध्ये नागपट्टिणममधून मयिलाडुतुरै. ज्यांनी आयुष्यात वेस ओलांडली नाही त्यांची स्थलांतरं सॉफ्टवेअरच्या नकाशावर भटक्या जमातीला लाजवतील अशी दिसतात. यावर ‘सगळ्यांना आजचाच पत्ता द्या, म्हणजे गोंधळ नको’ असा तोडगा सुचवतात. तो घेतला तर तंजावूरचं मराठी राज्य स्थापणारे व्यंकोजीराजे १६७६च्या सुमारास तामिळनाडूत स्थायिक होतात आणि त्यांना विधानसभेला मतदानाचा हक्क मिळतो. ग्रॅम्प्ससारख्या एखाद्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ठिकाणाच्या प्रत्येक पायरीला तारखा जोडता येतात, ही त्याची खरी थोरवी. पण ती सोय वापरण्यासाठी हा सगळा इतिहास आधी भरावा लागतो, आणि तोपर्यंत पेन्शनीचा उत्साह चहापर्यंत येऊन थांबतो. बरं, गावाचं नाव तरी एक आहे का? जुन्या मराठी कागदांत चंदावर, इंग्रजीत तंजोर, घरात तंजावर, पाटीवर तंजावूर. राजवाड्यासमोरचा रस्ता तमिळमध्ये ‘कीळ राजवीदी’ आणि इंग्रजी पत्त्यात ‘ईस्ट मेन स्ट्रीट’. सॉफ्टवेअरच्या लेखी ही वेगवेगळी ठिकाणं, त्यामुळे सख्खे भाऊ एकाच घरात राहून एकमेकांचे शेजारीसुद्धा ठरत नाहीत.

आणि या भागात पत्ता नावातच शिरलेला असतो, ही वेगळीच अडचण. दक्षिणेत आडनावाची प्रथा सुटली, नावापुढे आद्याक्षर आलं. ते वडिलांचं असतं किंवा गावाचं, आणि कुणाचं ते अक्षर सांगत नाही. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव घ्या. ‘टी’ म्हणजे तंजावूर. जन्म १८२८चा कुंभकोणमचा, शिक्षण मद्रासचं, कर्तृत्व तिरुवनंतपुरम ते बडोदं, अखेरचे दिवस आणि १८९१चा मृत्यू मैलापूरचा. भरतनाट्यमच्या थोर कलावती टी. बालसरस्वती यांचाही ‘टी’ तंजावूरचाच, कारण त्यांच्या पूर्वजांचं गाणं-नाचणं तिथल्या दरबारातलं. जन्म मात्र १९१८ साली मद्रासमध्ये. पहिले मराठी देशस्थ, दुसऱ्या दरबारी कलावंतांच्या तमिळ घराण्यातल्या, पण अक्षर सामायिक. सॉफ्टवेअर मात्र त्याला मधलं नाव समजतं. एखाद्या उत्साही संगणकाने सगळ्या ‘टी’वाल्यांना एकाच कुटुंबात घातलं, तर अर्धं कर्नाटक संगीत एकमेकांचं चुलत निघेल. कागदावरचा हा ‘टी’ निवासाची नोंद नव्हेच. ती त्या घराण्याने स्वतःविषयी केलेली नोंद आहे, म्हणजे इथेही कारकून कोण हेच विचारायला हवं, फक्त तो घरचाच निघतो.

तारखेपाशी तर सॉफ्टवेअरचं विश्वबंधुत्व उघडं पडतं. गेडकॉमच्या जुन्या नियमांत ग्रेगोरियन आणि ज्यूलियनखेरीज हिब्रू कालगणना आहे, आणि फ्रेंच राज्यक्रांतीचीही आहे, जी उणीपुरी बारा वर्षं टिकली. ग्रॅम्प्समध्ये स्वीडनची एक कालगणना आहे; १७०० ते १७१२, तीही बाराच वर्षं. शालिवाहन शकाने दोन हजारांकडे वाटचाल केली तरी त्याला जागा मिळालेली नाही. बहुधा त्याने बारा वर्षांत गाशा गुंडाळायला हवा होता. सरस्वती महाल ग्रंथालयात तंजावूर दरबारचे मोडी कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. तिथे शक भेटतो, अरबी सुहूर सन भेटतो. घरातल्या आठवणींत तर नुसतं संवत्सराचं नाव असतं. सरफोजीराजांच्या शिलालेखाचं वर्ष घ्या: शक १७२५, संवत्सर रुधिरोद्गारी. साठ संवत्सरांचं चक्र फिरत राहतं, म्हणून तेच नाव १८६३ला आलं, १९२३ला आलं, १९८३लाही आलं. ‘आजोबा रुधिरोद्गारीत या घरात राहायला आले’ हे वाक्य चारही वर्षी खरं असू शकतं, आणि त्यातल्या निदान दोन वर्षी ते वेगवेगळ्या आजोबांना लागू पडतं.

दुसरा आक्षेप भावनेचा आहे आणि तो जास्त जोरात घेतला जातो: ‘आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात, आम्ही व्यंकोजीराजांबरोबर आलो. याहून मोठा पुरावा कोणता?’ तंजावूरच्या मराठी घराण्यांत व्यंकोजीराजांबरोबर न आलेलं घराणं मिळणं अवघड आहे. वास्तविक दीडशे-पावणेदोनशे वर्षांच्या राजवटीत माणसं येतच राहिली: कुणी हिशेबाच्या कामावर, कुणी कीर्तनाला, कुणी रामदासी मठात, कुणी लग्न होऊन. पण ‘आम्ही तुळजाराजांच्या वेळी कारकुनीसाठी आलो’ असं सांगताना छाती फुगत नाही, म्हणून सगळ्यांनी घोडा घेतला. म्हणून आठवण फेकून द्यावी असं मात्र मुळीच नाही. ती नोंदवावी, पण आत्याबाईंची साक्ष म्हणून नोंदवावी: सांगणार अमुक, साल अमुक, प्रसंग बारशाचा. गेडकॉममध्ये पुराव्याला शून्य ते तीन असे गुण देण्याची सोय आहे. आत्याबाईंना किती द्यायचे हे त्यांच्यासमोर ठरवू नये, एवढं पथ्य पाळलं की झालं. आणि कागद आत्याबाईंपेक्षा नेहमी वरचढ असतो असंही नाही. सरफोजीराजांना १७८७ साली तुळजाराजांनी दत्तक घेतलं. दत्तविधान ग्राह्य नाही असं आधी ठरलं आणि तुळजाराजांचे सावत्र भाऊ अमरसिंग गादीवर बसले. मग ते ग्राह्य आहे असं ठरलं आणि १७९८ला सरफोजीराजे बसले. मधली काही वर्षं त्यांचा मुक्काम मद्रासला. मूल तेच, आईबाप तेच, विधी तोच. बदललं काय, तर कंपनीला कोण सोयीचं ते. सॉफ्टवेअरमध्ये ‘दत्तक’वर एक टिचकी मारली की प्रश्न मिटतो, ती मारायला कंपनीला अकरा वर्षं लागली.

हेच सरफोजीराजे नोंदींच्या बाबतीत आजच्या कुठल्याही सॉफ्टवेअरच्या तोंडात मारतील असे होते. त्यांच्याकडे झालेल्या नेत्रोपचारांची रुग्णपत्रकं डोळ्यांच्या रंगीत चित्रांसकट सरस्वती महालात आहेत. दोनशे वर्षांपूर्वीच्या कुणा सामान्य माणसाचा बिघडलेला डोळा आज आपल्याला दिसतो. स्वतःच्या पणजोबांचा चष्मा किती नंबरचा होता हे आपल्याला सांगता येणार नाही. ती पत्रकं टिकली, कारण लिहिणाऱ्याला उपचाराचा गुण येतो का हे पाहायचं होतं. पुन्हा हेतू आणि पुन्हा कारकून.

शेवटचा आक्षेप जाणकाराचा, आणि तो टाळता येणार नाही: ‘हे सगळं संदर्भाच्या रकान्यात लिहिता येतं. प्रत्येक नोंदीला स्रोत जोडायची सोय असते. वेगळा कारकून कशाला?’ मान्य, सोय असते. पण ती तीन टिचक्यांच्या आड असते आणि सक्तीची नसते, म्हणजे ती नाही असंच धरायचं. भरणारे भरतात तेव्हाही तिथे ‘कौटुंबिक माहिती’ असं भरतात. रेल्वेत ‘तांत्रिक कारणामुळे’ म्हणतात, त्यातून जेवढं कळतं तेवढंच यातून. माझी सूचना साधी आहे. निवासाचा रकाना पूर्वजाच्या नावाखाली भरूच नये, आधी कागद भरावा. भाताची यादी असो, मोडीतला नेमणुकीचा तक्ता असो, गयेच्या पंड्याची वही असो, विजेचं बिल असो: लिहिणारा कोण, कुणाचा नोकर, काय वाटत किंवा वसूल करत होता, आणि त्याने माणसाला कुठल्या नावाने, कुठल्या दारात पाहिलं. मग त्या कागदाला माणसं जोडावीत. जनगणनेचा रकाना भारतातल्या पूर्वजांसाठी कोरा राहू द्यावा. कोरा रकाना ही नोंद खरी असण्याची शक्यता बरीच असते.

तो पुढच्या पिढीसाठी भरण्याची संधी मात्र आता चालून आली आहे. नव्या जनगणनेची अधिसूचना १६ जून २०२५ला निघाली, देशाच्या बहुतेक भागासाठी संदर्भदिन १ मार्च २०२७ आहे, आणि या वेळी कुटुंबाने आपली माहिती स्वतःच संगणकावर भरण्याची सोय ठेवली आहे. कलम १५ कायम असल्यामुळे भरलेलं पान सरकार नातवाला कधीच दाखवणार नाही. तेव्हा पाठवण्याआधी त्याची एक प्रत घरी काढून ठेवावी आणि कारकुनाचा रकाना तिथल्या तिथे भरून टाकावा. कीळ राजवीदीवरच्या एखाद्या घरात तो असा भरला जाईल: माहिती सांगणारे, आजोबा; टंकणारी, सून; मातृभाषेच्या ठिकाणी ‘तमिळ’ पडल्याचं पाहून ती खोडायला लावणाऱ्या, आत्याबाई; हेतू, सरकारने विचारलं म्हणून; याआधीचं राहण्याचं ठिकाण, यावर एकमत झालं नाही.